हिरवी शाई प्रत्येक कागदावर वेगळी का दिसते?

मोरपंखी_दौत (धरमपेठ, नागपूर)

मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस मनात आहे. मी रोजचं सगळं लिखाण फाउंटन पेनने करते आणि हिरवी शाई मला मनापासून आवडते. निळ्या शाईचा कधी त्रास नाही. कुठल्याही कागदावर ती निळीच दिसते, थोडी गडद किंवा थोडी फिकी एवढाच फरक. हिरवीचं तसं होत नाही. एकच शाई रेघांच्या वहीत मळकट काळसर दिसते, झेरॉक्सच्या कागदावर मोरपंखीकडे झुकते आणि पत्रांच्या जाड कागदावर मात्र इतकी सुंदर हिरवी उमटते की लिहिणं थांबवून बघत बसावं. सकाळी पेन उघडल्यावर पहिली ओळ गर्द येते, तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून रंग उतरतो. मे महिन्यातली पानं आणि ऑगस्टमधली पानं शेजारी ठेवली तर शाई एकच आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

हे का होतं, हे कोणी नीट सांगेल का? आणि साध्या वहीवर फुटणार नाही (म्हणजे अक्षरांच्या कडांना पसरणार नाही), वाळल्यावरही हिरवीच दिसेल, अशी रोजच्या वापराची हिरवी शाई कोणती?

बर्डीचा_वाचक

निळी भरा. प्रश्न मिटला. :)

मोरपंखी_दौत

@बर्डीचा_वाचक, निळीचा धागा वेगळा काढा, तिथे येऊन तुमचं कौतुक करीन.

निब_घासणारा (पुणे)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली शिन-र्योकू घ्या. जपानीत नावाचा अर्थ गर्द हिरवं रान असा. किंचित निळसर छटा आहे, पण कोणीही तिला हिरवीच म्हणेल. पेनातून सुरेख वाहते. त्याच मालिकेत चिकु-रिन आहे, बांबूच्या वनाच्या नावाची. ती पोपटी-पिवळट, जाड निबमधून एकाच अक्षरात दोन-तीन छटा दाखवते, पण बारीक निबने लिहिलंत तर वाचताना डोळे ताणावे लागतात. स्यो-रो राखाडी-हिरवट, मला शांत वाटते. सेलरची तोकिवा-मात्सु हवी असेल तर चांगल्या कागदावर तिच्या कडांना लालसर झाक येते, ती एकदा तरी बघावीच.

शाई चांगली असली की बाकी तक्रारी आपोआप कमी होतात, असं माझं मत.

बल्लारपूरकर

निब_घासणारे भाऊ, रंगांचं वर्णन अगदी बरोबर, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. इरोशिझुकु पातळ आणि सढळ वाहणारी शाई आहे. मऊ कागदाच्या वहीवर तीच सगळ्यात आधी फुटते. ताईंनी साध्या वहीसाठी विचारलं आहे.

माझं सगळं आयुष्य कागदाच्या गावात गेलं, म्हणून कागदाची बाजू मांडतो. कागद म्हणजे लगद्यातल्या तंतूंचं जाळं. कोरा तंतू पाणी ओढतो. ते थांबवायला कागदाला खळ देतात, पूर्वी राळ आणि तुरटीची, आता बहुतेक ठिकाणी वेगळी रसायनं, आणि वरून स्टार्च. खळ भरपूर असेल तर शाई वर राहते आणि सावकाश वाळते. कमी असेल तर ती तंतूंच्या वाटेने दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी पसरते. टिपकागदाला खळच नसते, म्हणून तो टिपतो. स्वस्त वहीचा कागद हा खळ दिलेला कागद आणि टिपकागद यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि एकाच वहीच्या दोन वेगवेगळ्या खेपांत तो बदलतो.

वर राहिलेला रंग आपल्याला स्वच्छ दिसतो. आत मुरलेला रंग तंतूंच्या आडून दिसतो, म्हणून मळकट. ताईंच्या वहीतला काळसरपणा बहुतेक इथूनच येतो.

आणि पांढरेपणाचंही बघा. झेरॉक्सचा कागद झगझगीत पांढरा दिसावा म्हणून त्यात उजळवणारी द्रव्यं घालतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे शाईच्या खालची जमीनच निळसर असते. तिच्यावर हिरवा मोरपंखी दिसणारच. पिवळट कागदावर तोच हिरवा शेवाळीकडे जातो. निळी शाई दोन्ही ठिकाणी निळीच राहते, कारण ती इकडे-तिकडे सरकली तरी निळ्याच्याच घरात असते. हिरवा रंग निळ्या आणि पिवळ्याच्या सीमेवर बसलेला आहे.

पाटी_पुस्तक_शिक्षिका (प्रतापनगर)

बल्लारपूरकरांनी सांगितलं ते मी रोज डोळ्यांनी बघते. मुलांना लाल खुणांची धास्ती वाटते, म्हणून मी वह्या हिरव्या शाईने तपासते. एका बैठकीत वर्गभर वह्या, पेन तोच, शाई तीच, हातही तोच. एका वहीत 'छान' हा शब्द कोरल्यासारखा स्वच्छ उमटतो, पुढच्या वहीत त्याच शब्दाला मिशा फुटतात आणि पाठच्या पानावर डाग दिसतो, जिथे त्या मुलाला उद्या लिहायचं असतं. वहीची किंमत बघून काहीच सांगता येत नाही. मोठ्या नावाच्या, गुळगुळीत मुखपृष्ठाच्या वह्यांतही कागद शाई पिऊन घेतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली बिनानावाची वही कधी कधी अप्रतिम निघते.

वही घेताना मी आता दुकानातच शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेनने एक टिंब देऊन क्षणभर निब तिथेच धरते. टिंब गोल राहिलं तर वही घ्यायची. कडेला केस फुटले तर ठेवून द्यायची. दुकानदारांना सवय झाली आहे.

एलआयटीचा_जुना_विद्यार्थी

पहिल्या प्रश्नाची रसायनाची बाजू राहिली, ती मी मांडतो.

पेनाच्या बहुतेक हिरव्या शाया एका रंगद्रव्याच्या नसतात. एखादं निळं किंवा फिरोजी द्रव्य आणि एखादं पिवळं, असं मिश्रण असतं, कधी त्यात तिसरंही. हे घरी तपासता येतं. टिपकागदाची लांब पट्टी कापा, खालच्या टोकापासून बोटभर वर शाईचा एक ठिपका द्या, तो वाळू द्या, मग पट्टीचं खालचं टोक पाण्यात बुडेल पण ठिपका बुडणार नाही अशी उभी धरा. पाणी वर चढतं आणि द्रव्यांना आपापल्या वेगाने घेऊन जातं. जे तंतूला जास्त चिकटतं ते मागे राहतं, कमी चिकटणारं पुढे जातं. थोड्या वेळात हिरव्या ठिपक्यातून पिवळा पट्टा आणि फिरोजी पट्टा वेगळे झालेले दिसतील. हाच क्रोमॅटोग्राफीचा प्रयोग, आणि खळ कमी असलेल्या वहीत प्रत्येक अक्षराच्या कडेला तो बारीक प्रमाणात आपोआप घडत असतो. काही हिरव्या शायांना स्वस्त कागदावर वेगळ्याच रंगाची किनार दिसते, ती यामुळे.

दोन घटक असल्यामुळे आणखी दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दिव्याचा फरक. दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या बल्बखाली मिश्र हिरवा सारखा दिसत नाही. म्हणून दुकानातल्या दिव्याखाली शाई निवडू नये, बाहेर येऊन बघावी. दुसरं म्हणजे ऊन. दोन्ही द्रव्यं उन्हात सारख्या गतीने विटत नाहीत. जे आधी विटतं त्याच्या विरुद्ध दिशेला रंग सरकतो.

पेनात आधी निळी असेल आणि फीड, म्हणजे निबखालचा शाई पोचवणारा भाग, नीट धुतलं नसेल, तर पुढच्या हिरवीत निळा अंश कित्येक पानं येत राहतो, हेही तपासून घ्या. साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मोरपंखी_दौत

पट्टीचा प्रयोग आत्ताच केला! माझ्या शाईतून खाली पिवळा, वर फिरोजी, आणि मधे अरुंद हिरवा पट्टा आला. इतकी वर्षं जो रंग एक समजून लिहीत होते त्याच्या आत हे दोघं होते, बघून फार आनंद झाला. पेन स्वच्छ आहे, त्यात हिरवीशिवाय काही जात नाही.

कूलरच्या_हवेत (महाल)

मे आणि ऑगस्टचं कोणीच नाही बोलून राहिलं, म्हणून मी बोलतो. बाप्पा, नागपूरचा उन्हाळा पेनाला वेगळाच असतो. पंचेचाळीसच्या वर पारा, हवा खडखडीत कोरडी. टोपण जरा सैल असलं का निबमधल्या शाईतलं पाणी उडून जाते, रंग तिथेच राहते. म्हणून सकाळची पहिली ओळ गर्द. दोन-चार ओळी लिहिल्या का टाकीतली ताजी शाई निबपर्यंत येते आणि रंग आपल्या जागेवर येते. ताईच्या 'पहिली ओळ गर्द' चं उत्तर हेच आहे. टोपणात हवा जाते का ते पाहा.

आता गंमत अशी का ज्या खोलीत कूलर लावला तिथं हे उलटं होते. खसच्या ताट्या ओल्या, हवा दमट, कागद दिवसभर ती हवा पिऊन राहिला. त्याच खोलीत दुपारी लिहा, शाई फुटते. बाहेरच्या खोलीत लिहा, नाही फुटत. वही तीच. अन् पावसाळ्यात तर सगळं घरच कूलरची खोली होते.

ड्रॉपरने भरायचे एबोनाइटचे (कडक रबराचे) पेन असतील तर उन्हाळ्यात टाकी अर्धी ठेवून लिहू नका. आतली हवा हाताच्या उष्णतेने फुगते आणि शाईचा थेंब पानावर सोडते. टाकी भरलेली ठेवायची.

बल्लारपूरकर

@कूलरच्या_हवेत, अगदी बरोबर. कागद हवेतला दमटपणा घेतो आणि सोडतो. छापखान्यातली माणसं म्हणूनच रीम उघडून लगेच मशीनवर चढवत नाहीत, आधी त्या खोलीच्या हवेत मुरू देतात.

निवृत्त_आणि_निवांत (सिव्हिल लाइन्स)

थोडं विषयाबाहेर जातो, पण हिरवी शाई म्हटल्यावर राहवत नाही. आमच्या काळात हिरव्या सहीला फार वजन होतं. राजपत्रित अधिकाऱ्याची हिरवी सही मिळवायला गुणपत्रिकांच्या प्रती घेऊन मुलं व्हरांड्यात उभी असायची. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर नागपुरात कोण कुठे बसलंय हेच कळत नसे, आणि प्रवेशाची तारीख जवळ आलेली असे. स्वयंसाक्षांकन आल्यापासून ती धावपळ संपली, आणि चांगलं झालं. गरीब घरच्या मुलांचे त्यात फार हाल होत.

नियमाचं म्हणाल तर केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेप्रमाणे टिपण्या निळ्या किंवा काळ्या शाईत लिहायच्या. हिरवी किंवा लाल वापरायची मुभा सहसचिव आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना, तीही क्वचित. म्हणजे हिरवी ही सगळ्या राजपत्रित अधिकाऱ्यांची हक्काची शाई, हा समज रिवाजातून आलेला.

बर्डीचा_वाचक

मग मी हिरवीत लिहिलं तर चालेल का? माझा हुद्दा घरात सगळ्यात खालचा आहे.

निवृत्त_आणि_निवांत

@बर्डीचा_वाचक, घरी कोणतीही शाई वापरा, कोणी फाइल परत पाठवणार नाही. चेकवर मात्र गडद रंगच वापरा. आता चेक प्रत्यक्ष न फिरता त्याचं चित्र फिरतं आणि फिका रंग त्यात नीट येत नाही. चिकु-रिनसारखी पोपटी शाई तिथे नकोच.

निब_घासणारा (पुणे)

हिरव्या सहीवरून आठवलं. ब्रिटनच्या एमआय-६ या गुप्तहेर संस्थेचे पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड कमिंग हिरव्या शाईत 'सी' एवढीच सही करत, आणि तिथले प्रमुख आजही तसंच करतात. आणि चिलीचे कवी पाब्लो नेरुदा कविता हिरव्या शाईत लिहीत. ताई, संगत चांगली आहे.

बल्लारपूरकरांचा मुद्दा मला पटला, पण अर्धाच. कागद वाईट असेल तर शाई कोरडी, म्हणजे हात राखून वाहणारी, निवडावी, हेही शाईचंच ज्ञान आहे. पेलिकन ४००१ मालिकेच्या शाया कोरड्या वाहतात, म्हणून साध्या कागदावर कमी फुटतात. त्यात ब्रिलियंट ग्रीन उजळ आहे आणि डार्क ग्रीन गडद. रोजच्या वहीसाठी डार्क ग्रीन बघा.

हॉस्टेल_रूम_बारा

हे सगळं वाचून मन भरलं, पण विद्यार्थ्याच्या खिशाला काय? मी कॅम्लिनची हिरवी वापरतो. कोपऱ्यावर मिळते, संपली तर लगेच दुसरी. चेन्नईच्या ब्रिलची हिरवीही वापरली. दोन्ही उजळ आहेत, नोट्समध्ये मथळ्यांना मस्त दिसतात. मी बारीक निब वापरतो म्हणून कागदावर शाई कमी उतरते आणि फुटतेही कमी. परदेशी बाटलीच्या पैशात माझं वर्ष निघतं.

एलआयटीचा_जुना_विद्यार्थी

@हॉस्टेल_रूम_बारा, तुझं अगदी योग्य चाललंय. निब बारीक केला की कागदावर पडणारं पाणी कमी होतं, आणि फुटणं हा मुख्यतः पाण्याचाच खेळ आहे. शाई बदलण्याआधी निब बदलून बघावा, हा सल्ला मी सगळ्यांना देईन. फक्त दोन वेगळ्या कंपन्यांच्या शाया एका पेनात मिसळू नकोस. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी निघाली तर गाळ बसतो आणि फीड चोंदतं.

पत्रमैत्रीण (रामदासपेठ)

माझा अनुभव पत्रांचा, म्हणून थोडा वेगळा. मला हिरवीतल्या छटा हव्या असतात. रोरर आणि क्लिंगनरची आल्ट-गोल्डग्र्यून मोठ्या निबमधून बघा. अक्षराच्या सुरुवातीला सोनेरी-पिवळी आणि जिथे हात थांबतो तिथे गडद शेवाळी. डायमाइनची शेरवुड ग्रीन गडद आणि भारदस्त, फ्रेंच एर्बांची लिएर सोवाज अगदी मधली हिरवी, ना निळ्याकडे ना पिवळ्याकडे. मोरपंखी_दौत, 'हिरवीच दिसेल' ही तुमची अट माझ्या मते लिएर सोवाज सगळ्यात प्रामाणिकपणे पाळते.

एर्बांचीच एमरोद द शिवोर मी एका मैत्रिणीच्या लग्नाच्या पत्राला वापरली होती. तिच्यात सोनेरी कण असतात आणि कडांना लाल झाक येते. बाटली हलवून भरावी लागते, नाहीतर कण तळाशी राहतात. रोजच्या पेनात ती ठेवू नये. कण फीडमध्ये बसतात.

लाल झाकेबद्दल एक सांगते. रंगद्रव्य कागदाच्या वर स्फटिकासारखं साचतं तेव्हाच ती दिसते. म्हणजे शाई सावकाश पिणारा कागद हवा. जपानी टोमोए रिव्हरच्या पातळ कागदावर ती भरभरून येते. वहीच्या कागदावर त्याच शाईची झाक शोधूनही सापडत नाही. आणि वर साचलेला रंग दमट हाताला लागतो, पावसाळ्यात तर आठवड्यानंतरही पुसटतो.

पाटी_पुस्तक_शिक्षिका (प्रतापनगर)

पत्रमैत्रीण, पावसाळ्याचा विषय काढलात म्हणून विचारते. एका मुलीची वही पावसात भिजली आणि माझ्या हिरव्या शेऱ्यांचा एकही शब्द उरला नाही. तिचं बॉलपेनचं लिखाण मात्र शाबूत. पाण्यात टिकणारी हिरवी शाई असते का?

एलआयटीचा_जुना_विद्यार्थी

असते, दोन प्रकारची. एक रंगकणांची, जिच्यात रंग विरघळलेला नसून बारीक कणांच्या रूपात असतो. दुसरी लोह आणि मायफळातल्या टॅनिनची, जुन्या दस्तऐवजांच्या शाईची नातलग. प्लॅटिनमच्या क्लासिक मालिकेत फॉरेस्ट ब्लॅक नावाची अशी हिरवी आहे. लिहिताना हिरवी दिसते, मग हवेतल्या प्राणवायूने तिच्यातलं लोह बदलतं आणि ओळी हळूहळू काळपट होत जातात. पाण्याने तिचा हिरवा अंश जाईल, पण काळा मजकूर राहील. दोन्ही प्रकार पेनात सुकू द्यायचे नाहीत. आपल्या उन्हाळ्यात तर ही काळजी दुप्पट.

मोरपंखी_दौत यांना मात्र ती देणार नाही. त्यांना वाळल्यावर हिरवी हवी आहे.

कूलरच्या_हवेत (महाल)

शिक्षिका ताई, मुलीला सांगा दप्तरात वही पिशवीत घालून ठेवत जा. शाईपेक्षा ते सोपं.

मोरपंखी_दौत

सगळं वाचून मी आठवडाभर प्रयोग केले, त्यातून दिसलं ते लिहिते.

इतवारीतल्या घाऊक कागदवाल्याकडून वेगवेगळ्या कागदांचे सुटे ताव आणले. सगळ्यांवर एकाच पेनने तीच ओळ लिहिली आणि प्रत्येकावर पेन्सिलने कागदाचं नाव टाकलं. बाँड कागदावर रंग वर राहिला, कडा स्वच्छ. झेरॉक्सच्या कागदावर मोरपंखी झाक आली, आणि तो ताव गच्चीवर उन्हात नेल्यावर ती आणखी वाढली. बल्लारपूरकर, उजळवणाऱ्या द्रव्यांचं तुमचं म्हणणं तिथे नजरेने पटलं. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही ताव जवळजवळ सारखे दिसत होते.

शेजाऱ्यांकडून पेलिकनची डार्क ग्रीन थोडी मागून आणली. माझ्या वहीवर ती माझ्या आधीच्या शाईपेक्षा खूपच कमी फुटते आणि रंग हिरवा राहतो. तिची ओळ जरा कोरडी लागते, निब कागदावर घासल्याचं जाणवतं, पण वहीसाठी मला ते चालेल. लिएर सोवाज पत्रांसाठी मागवणार आहे. पेनाचं टोपण तपासलं, आतली रबरी कडी झिजली होती. बदलल्यावर सकाळची पहिली ओळ बाकीच्या ओळींच्या रंगाची येते आहे.

खिडकीत एक पट्टीही लावली आहे, अर्धी काळ्या कागदाने झाकून. तिचा निकाल उन्हाळ्यानंतरच कळेल.

एकच शंका उरली. आणलेले ताव पावसाळ्यात कुठे ठेवू?

निब_घासणारा (पुणे)

डार्क ग्रीन आवडली ऐकून बरं वाटलं. कोरडी वाटते तर निब एक आकाराने मोठा घेऊन बघा. घासणं कमी होईल, आणि शाई कोरडी असल्यामुळे कागद तेवढं पाणी सहन करेल.

बल्लारपूरकर

ताव आडवे ठेवा, उभे नकोत, वाकतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात, भिंतीला टेकलेल्या फळीवर नाही. पिशवी आत्ता उन्हाळ्यातच बंद करा, कागद कोरडा असताना. जुलैत बंद केलीत तर आत दमट हवाच कोंडली जाईल. लागतील तेवढेच ताव बाहेर काढा आणि ज्या खोलीत कूलर नाही तिथे लिहा.